घाटाआधी खांब रोवा

पावसाळा लागला की सोलापूर जिल्ह्यात दौंडचे नाव रोज निघते. 'दौंडचा विसर्ग किती?' या एका आकड्यावरून उजनी धरण किती भरेल याचा अंदाज बांधला जातो. खुद्द दौंडला मात्र आपल्या काठाची एवढी खबरबात राहिलेली नाही. १८७८ मध्ये मनमाडचा लोहमार्ग सुरू झाला, दौंडचे जंक्शन झाले आणि गावाची ओढ भीमा नदीकडून स्टेशनकडे वळली. पुढे वर धरणे झाली, खाली १९८० मध्ये उजनी पूर्ण झाले. पुण्याचे मैलापाणी मुळा-मुठेतून येऊन रांजणगाव सांडसजवळ भीमेत मिसळते आणि जलपर्णी घेऊन दौंडकडे सरकते.

पण म्हणून सगळे खापर पुण्यावर फोडता येणार नाही. वाळू गेली ती इथल्याच पात्रातून. वाळूचा थर पाणी धरून ठेवतो आणि उन्हाळ्यात काठच्या विहिरींना पाझर देतो. तो खरवडला की उरतात अंदाज न येणारे खड्डे. महसूल खाते यांत्रिक बोटी पकडते, जिलेटीन लावून उडवते, छायाचित्रे छापून येतात आणि पुन्हा नवी बोट पात्रात उतरते. बोट हा या धंद्यातला किरकोळ खर्च आहे, हे सरकारला अजून उमगायचे आहे. पाच हेक्टरपेक्षा लहान वाळूपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच बजावले होते. बांधकामांना वाळू लागते, मजुरांची चूल त्यावर पेटते, हा आक्षेप खोटा नाही. पण दगड दळून केलेली वाळू बाजारात मिळते, आणि बोटीवरच्या मजुराला रोजंदारीच सुटते. मलिदा दुसरेच खातात.

पुण्यात मुळा-मुठेचा ४४ किलोमीटर काठ सुशोभित करण्याचे काम चालू आहे. ते पाहून दौंडसह इतर गावांनाही भिंत आणि घाटाचा मोह होणार. घाट झाला की अतिक्रमण आणि कचरा आपोआप थांबेल, असे त्याचे समर्थक म्हणतात. त्यात थोडे तथ्य आहे. माणसांची वर्दळ असली की राडारोडा टाकणारा कचरतो. पण काठावर भिंत आली की पात्र आवळते आणि पुराचे पाणी समोरच्या श्रीगोंद्याच्या शेतांत चढते. म्हणून पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा जलसंपदा खात्याने आधी जमिनीवर खांब रोवून दाखवावी. नकाशातली रेषा प्लॉट घेणाऱ्याला दिसत नाही. खांबांच्या आतल्या बांधकामांना नगरपालिकेने परवाने नाकारावेत, शहरातल्या नाल्यांचे पाणी प्रक्रियेविना भीमेत सोडू नये. घाटाची निविदा त्यानंतर काढता येईल.