परदेशातील सणाचे पान

दिवाळीची सुटी लागली की हल्ली कित्येक घरांना कुलूप लागते आणि मंडळी विलायतेच्या, अमेरिकेच्या किंवा सिंगापूर-थायलंडच्या सहलीस निघतात. निघण्यापूर्वी आमच्याकडे पृच्छा येते, "बुवा, पाडव्याला आम्ही परमुलुखात असू. तिथे हॉटेलात जेवलेले चालेल का? आणि जेवायचे तर कुठे?" पहिल्या प्रश्नाला शास्त्राधार हवा असतो, दुसऱ्याला पत्ता. आमच्या मते हे दोन्ही प्रश्न एकच आहेत. कारण पत्ता वेळीच शोधला नाही, की मग शास्त्राची ओढाताण सुरू होते.

समुद्रपर्यटन कलिवर्ज्यांत गणले आहे, असा आक्षेप अजूनही क्वचित कानी येतो. तो वाद आमच्या आजोबांच्या पिढीने घालून संपविला. त्यात पुन्हा शिरण्याचे प्रयोजन नाही. पराशरस्मृतीने तर प्रवास, व्याधी आणि संकट यांत आधी देह राखावा व धर्माचरण मागाहून करावे, अशी उघड सवलत दिली आहे. ही सवलत कुठवर ताणावी, हे मात्र छांदोग्योपनिषदातील उषस्ति चाक्रायणाच्या कथेइतके नेमके आम्हांस इतरत्र आढळले नाही. कुरुदेशात पीक बुडाले होते. भुकेने व्याकुळ झालेल्या उषस्तीने हलक्या प्रतीचे उडीद खात बसलेल्या एका माणसाकडे त्याच्याच पुढ्यातील उडीद मागून घेतले आणि खाल्ले. त्या माणसाने पाणी पुढे केले, तेव्हा उषस्ति म्हणाला की ते उष्टे होईल. मग उडीद उष्टे नव्हते काय? त्यावर त्याचे उत्तर असे, की उडीद न खाता तर प्राणच गेला असता, पाणी मात्र हवे तिथे मिळण्याजोगे आहे. गरज तेथे संपली आणि नियम पुन्हा सुरू झाला, तोही एका घोटाच्या अंतराने! "परदेशात सगळे चालते" असे म्हणणाऱ्या आमच्या तरुण यजमानांनी हा घोट ध्यानात ठेवावा. लंडनसारख्या शहरात, जिथे चार पावलांवर शाकाहार मिळतो, तिथे आपद्धर्माचे नाव घेण्याचा अधिकार कोणालाही नाही.

परंतु शाकाहार या शब्दाचा अर्थ मुलुखागणिक बदलतो, हे घरातील कर्त्या माणसाने जाणून असावे. जपानी सारात माशाचा अर्क असतो. थायलंडात भाजीवरही माशाचे पाणी शिंपडतात. इटलीच्या पार्मेझान चीजमध्ये वासराच्या जठरातील विरजण असते. ज्यूंच्या दुग्धाहारी भोजनगृहात मांस येत नाही, मासा मात्र येतो. विमानाचेच पाहा. 'हिंदू भोजन' असे नोंदवून निश्चिंत झालेल्या माणसापुढे कोंबडी येऊ शकते, कारण विमान कंपन्यांच्या परिभाषेत त्या नावाला गोमांसाचे तेवढे वावडे. आपल्याला हवे ते 'एशियन व्हेजिटेरियन' किंवा 'जैन', आणि तेही निदान एक दिवस आधी सांगून ठेवलेले. हिंदू या शब्दाची ही दशा पाहून खेद वाटतो, पण विमानात बसून वाद घालण्यापेक्षा आधी अर्ज भरलेला बरा.

उलट, जिथे अपेक्षा नसते तिथे सोय सापडते. थायलंडातील फुकेत येथे चिनी वंशाचे लोक त्यांच्या नवव्या चांद्रमासाचे पहिले नऊ दिवस मांस, कांदा, लसूण सर्व वर्ज्य करतात आणि त्या दिवसांत असे अन्न देणाऱ्या दुकानांवर पिवळ्या पताका लागतात. २०२४ साली हे नऊ दिवस आणि आपले नवरात्र एकाच तारखेस, ३ ऑक्टोबरला, सुरू झाले. त्यांच्या त्या अन्नात दूधही नसते, तेव्हा तुपाची आशा करू नये. परंतु नवरात्राचे व्रत सांभाळणाऱ्याने त्या पताकेखाली निःशंक बसावे.

इंग्लंडात लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर आणि लंडनच्या वेम्बली भागात गुजराती बांधवांची भोजनगृहे आहेत. नीस्डनच्या स्वामिनारायण मंदिराजवळ कांदा-लसणाशिवायचे जेवण मिळते. न्यूयॉर्कच्या फ्लशिंग भागात १९७७ साली प्रतिष्ठापना झालेल्या गणेशमंदिराच्या तळघरात उपाहारगृहच आहे. सिंगापुरात सेरंगून रोडवरील कोमल विलास १९४७ पासूनचे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ तर १९३२ सालचे. मंडळांना महिनाभर आधी पत्र धाडावे. आयत्या वेळी दारात उभे राहून पुरणपोळी मागणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

तिथीचा घोळ याहून मोठा. २०२४ साली आपल्याकडील पंचांगांनी लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला दिले. परंतु न्यूयॉर्कला अमावास्या १ नोव्हेंबरच्या सकाळीच संपली, म्हणून तिथल्या गणिताने पूजन ३१ ऑक्टोबरच्या सायंकाळी ठरले. मुंबईचे पंचांग बॅगेत घालून नेणाऱ्याचा सण तिथे एक दिवस उशिरा उजाडला. त्या गावच्या सूर्याप्रमाणे गणित केलेले पंचांग पाहावे, आणि मगच जेवणाची जागा राखून ठेवावी.

आमच्या मनाला खरी टोचणी आहे ती वेगळीच. सहलीहून परतलेल्या एका वृद्ध यजमानीणबाईंनी सांगितले, की पाडव्याच्या दिवशी सर्वांनी पिझ्झा खाल्ला आणि त्या केळ्यावर राहिल्या. मुलाने विचारले असता "मला भूक नाही" म्हणाल्या. ही भूक नसणे आमच्या ओळखीचे आहे. घरात ज्यांनी पन्नास दिवाळ्या सर्वांना वाढून मग पान घेतले, त्यांना परदेशात स्वतःसाठी काही मागता येत नाही. तेव्हा मुला-सुनांनी आईसाठी जागा आधी ठरवावी, बाकीचे स्थळदर्शन त्याभोवती बसवावे. एक राजवाडा कमी पाहिला तरी चालेल.

नैवेद्याची काळजी करू नये. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंत पान, फूल, फळ आणि पाणी एवढ्यावर संतुष्ट आहेत. हॉटेलातील थाळी देवापुढे आणण्याचा अट्टाहास नको; एक सफरचंद पुरे. पेढे-बर्फी ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत, कारण दुधाच्या पदार्थांना तिथे मज्जाव आहे. ऑस्ट्रेलियात चिवडा-चकलीचाही डबा उतरताच जाहीर करावा लागतो, नाहीतर दंड.

खोलीत निरांजन लावू नये. धुराची घंटा वाजून सारे हॉटेल रस्त्यावर येईल. विजेची पणती चालते. नोव्हेंबरच्या आरंभी लंडनला साडेचारच्या सुमारास सूर्यास्त होतो, तेव्हा सहलीची बस चारपर्यंत मुक्कामी परतेल असे आधीच पाहावे. पूजा आटोपून सहा वाजता निघालात, तर वेम्बलीला आईला गरम पुरी मिळते.