कोपीतील कलह

परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील आईबाप आणि मुले यांच्या संघर्षाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते. तसाच संघर्ष बिद्रीच्या साखर कारखान्याच्या परिसरात दर हंगामी उभा राहतो. त्याची दखल मात्र कोणी घेत नाही.

बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यांतून ऊसतोड कामगार येथे येतात. येथील बोली निराळी, राहणी निराळी. गणवेश घालून सायकलवरून शाळेला जाणाऱ्या मुली कोपीतील पोर रोज पाहते आणि शाळेचा हट्ट धरते. बाप विचारतो, "धाकट्याला कोण सांभाळणार?" यातून भांडण पेटते. आपले सुशिक्षित मित्र याला बापाचा अडाणीपणा म्हणतात. हे निदान सोयीचे आहे, पण खरे नाही.

नवराबायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादमाची उचल या जोडीला मिळते आणि ती फेडण्यासाठी दोघांनाही पहाटेपासून फडात राबावे लागते. तान्हे मूल साहजिकच थोरलीच्या कडेवर येते. पुढे ती वयात आली, की दार नसलेल्या कोपीत आईला तिची धास्ती वाटते. शिवाय लग्न झाले, की नवा कोयता तयार होतो. बालविवाह ही रूढी खरीच. परंतु तिला खतपाणी घालते ती ही उचल. त्यात शाळेचे वर्ष जूनला सुरू होते आणि स्थलांतर दिवाळीच्या सुमारास. मूल धड तिकडचे राहत नाही, धड इकडचे होत नाही.

कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मुलांना शाळेत न धाडणाऱ्या पालकांस दरमहा एक रुपया दंडही ठेवला. परंतु १९०१ पासून वसतिगृहे उभारण्यास साहाय्य करणारे राजेही तेच होते. सक्तीला सोयीची जोड हवी, हे त्यांनी ओळखले होते. २००९ च्या कायद्याने शिक्षणाचा हक्क दिला. २०२१ साली शासनाने या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर केली. मात्र मंजुरी म्हणजे अंमल नव्हे.

आपले अनेक कार्यकर्ते साखर कारखान्यांचे सभासद आहेत. वार्षिक सभेत उसाच्या दरासाठी आपण तावातावाने बोलतो. तोडणीचा दर, फडाजवळ पाळणाघर, पत्नीच्या मजुरीची तिच्या नावे स्वतंत्र नोंद आणि प्रत्येक मुलाचा शाळाप्रवेश, हे ठराव त्याच सभेत कोण मांडणार? ते मांडले जात नाहीत तोवर, लेकीला शाळा नाकारणाऱ्या त्या बापाला दोष देण्याचा अधिकार आपणांस नाही.