विमान तेच, वैमानिक दुसरा

रद्द झालेल्या व्हिडिओ गेमचा इतिहास बहुधा अपयशाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. पैसा संपला, मुदत टळली किंवा खेळच बेचव निघाला, एवढ्या कारणांत तो आटोपतो. इंग्लंडमधील लेस्टरशायर परगण्यातल्या ट्वायक्रॉस येथे काम करणाऱ्या रेअर या कंपनीने निन्टेन्डोच्या गेम बॉय ॲडव्हान्ससाठी हाती घेतलेला आणि मे 2001 मध्ये लॉस एंजेलिसच्या ई-थ्री प्रदर्शनात मांडलेला ‘डिडी काँग पायलट’ हा विमानशर्यतींचा खेळ मात्र या चौकटीत बसत नाही. त्याची मूळ कल्पना आणि तिच्याभोवती झालेले काम पुढे वेगळ्या नावाने बाजारात आले. रद्द झाला तो पात्रे वापरण्याचा हक्क.

हा हक्क पहिल्यापासूनच चमत्कारिक रीतीने वाटला गेला होता. डाँकी काँग हा वानर 1981 मध्ये शिगेरू मियामोतो यांनी निन्टेन्डोसाठी निर्माण केला, तर त्याचा धाकटा जोडीदार डिडी 1994 च्या ‘डाँकी काँग कंट्री’साठी रेअरच्या कलाकारांनी रेखाटला, पण तो काँग कुळात जन्मलेला असल्यामुळे मालकी निन्टेन्डोकडे गेली. 1990 च्या दशकात निन्टेन्डोने रेअरचे 49 टक्क्यांपर्यंत भाग विकत घेतलेले होते, त्यामुळे कोणाचे काय आहे हा प्रश्न विचारण्याची वेळच येत नव्हती. 1997 चा ‘डिडी काँग रेसिंग’ हा नामांकित खेळदेखील मुळात ‘आर.सी. प्रो-ॲम’ या रेअरच्या 1988 च्या मोटारशर्यतीचा वारस म्हणून घडत होता आणि त्याचा नायक टिंबर नावाचा वाघ होता. नाताळच्या बाजारात ओळखीचा चेहरा हवा म्हणून डिडीला पुढे आणले गेले आणि बिचारा टिंबर स्पर्धकांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. त्याच रांगेत बॅन्जो नावाचे एक अस्वल होते. त्याचा स्वतःचा खेळ 1998 मध्ये यायचा होता, पण जगाला त्याचे पहिले दर्शन डिडीच्या घरचा पाहुणा म्हणूनच झाले.

गेम बॉय ॲडव्हान्सच्या पडद्यावर 240 उभे स्तंभ आणि 160 आडव्या ओळी असत. त्याचा प्रक्रियक, म्हणजे गणिते करणारी मुख्य चिप, सुमारे 16.8 मेगाहर्ट्झ वेगाने चाले आणि तिला भागाकाराची स्वतंत्र आज्ञाच नव्हती. अशा यंत्रावर क्षितिजापर्यंत पसरलेली जमीन दाखवण्यासाठी ‘मोड 7’ या नावाने ओळखली जाणारी क्लृप्ती वापरली जाई. हे नाव निन्टेन्डोच्या 1990 च्या सुपर फॅमिकॉमपासून रूढ झाले. यंत्र एक सपाट चित्र हवे तसे फिरवू आणि लहानमोठे करू शके. एक आडवी ओळ रेखून झाल्यावर पुढची सुरू होण्याआधी जी अत्यल्प फट मिळते, तेवढ्यात चित्राचे माप बदलले की वरच्या ओळी आक्रसून दूरच्या वाटतात, खालच्या पसरून जवळच्या वाटतात, आणि हे सेकंदाला सुमारे 60 वेळा घडल्यामुळे डोळ्याला सपाट नकाशाऐवजी पुढे धावणारे मैदान दिसते. लागणारे भागाकार आधीच करून त्यांचे तक्ते स्मृतीत ठेवले जात. 2001 मध्येच आलेल्या ‘मारिओ कार्ट: सुपर सर्किट’मधील रस्ते याच रीतीने उभे राहिले होते.

विमानाच्या खेळाला ही क्लृप्ती एका अर्थी अधिक मानवते, कारण चाके रस्त्याला टेकलेली नसल्यामुळे जमिनीचा सपाटपणा डोळ्यांत खुपत नाही. मात्र मोटारीच्या खेळात पाहणाऱ्या डोळ्याची उंची जवळपास स्थिर असते, तर विमान वर चढले किंवा खाली झेपावले की प्रत्येक ओळीचे माप नव्याने ठरवावे लागते. शिवाय या मैदानात खरा डोंगर उभा करता येत नाही. झाडे आणि खडक ही वेगळी चित्रे वरून चिकटवावी लागतात. मधल्या काळात रेअरने व्हॉक्सेल पद्धतही अजमावून पाहिली. या पद्धतीत नकाशाच्या प्रत्येक ठिकाणाला उंचीचा आकडा देऊन पडद्यावर उभे स्तंभ रेखाटले जातात आणि खरीखुरी चढउताराची भूमी तयार होते. परंतु तिचा सगळा भार प्रक्रियकावर पडतो, आणि विक्रीला आलेला खेळ पुन्हा सपाट मैदानाकडेच वळलेला दिसतो.

प्रदर्शनात मांडलेल्या रूपाचे खरे आकर्षण वेगळेच होते. कार्ट्रिजमध्ये (आपल्याकडे सर्रास कॅसेट म्हणत) गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखणारा संवेदक बसवून, हातातले यंत्रच तिरपे करून विमान वळवण्याची सोय त्यात योजली होती. हा प्रयोग निन्टेन्डोने 2000 मध्ये गेम बॉय कलरवरील ‘कर्बी’च्या खेळात केलेला होता. पण गेम बॉय ॲडव्हान्सच्या मूळ पडद्याला स्वतःचा दिवा नव्हता. बाहेरचा उजेड परावर्तित होऊनच चित्र दिसे, आणि खेळणारा दिव्याखाली नेमका कोन साधून बसलेला असताना त्याला यंत्र कलवायला सांगणे म्हणजे ऐन वळणावर त्याच्या डोळ्यांपुढून रस्ता काढून घेणे होते. 2003 च्या एस.पी. या आवृत्तीत दिवा आला खरा, पण कार्ट्रिजची खाच वरून खाली गेली, त्यामुळे कर्बीचा जुना खेळ तीत घातला की संवेदक उलटा होऊन उजवे-डावे फिरून जाई. पुढे या खेळाचा नायक झालेल्या बॅन्जोच्या वाट्याला संवेदक आला नाही, याबद्दल हळहळ व्यक्त करणाऱ्यांनी या दोन गोष्टी विचारात घेतलेल्या दिसत नाहीत.

सप्टेंबर 2002 मध्ये मायक्रोसॉफ्टने सुमारे 37.5 कोटी डॉलरना रेअर पूर्णपणे विकत घेतली आणि काँग कुळ निन्टेन्डोकडे राहिले. मायक्रोसॉफ्टजवळ हातात धरून खेळण्याचे यंत्रच नसल्यामुळे रेअरने प्रतिस्पर्ध्याच्या यंत्रासाठी खेळ लिहीत राहण्यास हरकत नव्हती. ऑगस्ट 2003 मध्ये टी.एच.क्यू. या प्रकाशकाशी तसा करार झाला. अर्धवट खेळांतले चेहरे मात्र बदलणे भाग होते. डाँकी काँगच्या नावाने जाहीर झालेले ‘कोकोनट क्रॅकर्स’ हे कोडे, लहान मुलाने खरडावा तशा चड्डीतल्या एका गृहस्थाला नायक करून, 2004 च्या अखेरीस ‘इट्स मिस्टर पँट्स’ म्हणून विकले गेले; वानरांच्या राजाची जागा इतक्या अल्प तयारीने भरून निघाल्याचे दुसरे उदाहरण सापडणे कठीण. डिडीचे विमान बॅन्जोला मिळाले आणि जानेवारी 2005 मध्ये ‘बॅन्जो-पायलट’ प्रकाशित झाला, तेव्हा निन्टेन्डोचे दोन पडद्यांचे डी.एस. अमेरिकेत विक्रीला येऊन दोन महिने होत आले होते. समीक्षकांनी त्याचे स्वागत बेतानेच केले. 2001 मध्ये जे ताजे वाटले असते ते पावणेचार वर्षांनी शिळे झाले होते, आणि हे नुकसान पात्रे बदलल्याचे कमी व वेळ गेल्याचे अधिक आहे.

पुढे 2007 मध्ये रेअरनेच डी.एस.साठी ‘डिडी काँग रेसिंग’ नव्याने करून दिला, तेव्हा उलटा हिशेब झाला: बॅन्जो आणि कॉन्कर ही रेअरकडे राहिलेली पात्रे वगळून त्यांच्या जागी डिक्सी काँग आणि टायनी काँग बसवण्यात आल्या. 2015 मध्ये कंपनीच्या तिसाव्या वर्धापनदिनानिमित्त निघालेल्या ‘रेअर रिप्ले’ या 30 खेळांच्या संग्रहात काँग कुळ नाही हे समजण्यासारखे आहे. पण ‘बॅन्जो-पायलट’देखील त्यात नाही, कारण हाती धरण्याच्या यंत्रांसाठीचा एकही खेळ त्यात घेतलेला नाही. या खेळाच्या घडणीचा जो काही अभ्यास आज शक्य आहे, तो कंपनीबाहेर निसटून हौशी संग्राहकांच्या हाती लागलेल्या अपुऱ्या नमुना-प्रतींवरून होतो, ज्यांना निन्टेन्डो किंवा मायक्रोसॉफ्ट यांपैकी कोणाचीही अधिकृत परवानगी नाही.