पदवी, परीक्षा आणि पालक

महाविद्यालयांचे निकाल लागले की महाराष्ट्रातून दिल्लीस येणाऱ्या गाड्यांत एक निराळी गर्दी दिसू लागते. वळकटीची जागा आता चाकांच्या बॅगांनी घेतली आहे. परंतु आत घरचा चिवडा, पुस्तकांचे गठ्ठे आणि आईवडिलांच्या आशा पूर्वीसारख्याच असतात. ही मुलेमुली करोल बागेजवळच्या जुन्या राजेंद्रनगरात किंवा उत्तरेकडील मुखर्जीनगरात खोली शोधू लागतात. पुढील काही वर्षे शाहजहान मार्गावरील धोलपूर हाउस, म्हणजे संघ लोकसेवा आयोगाचे कार्यालय, हेच त्यांच्या जगाचे केंद्र होऊन बसते.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी हा प्रसंग आज ना उद्या येईल. अशा वेळी महिन्याच्या महिन्याला पैसे पाठवावेत आणि यशाच्या बातमीची वाट पाहावी, एवढेच पालकांचे काम आहे, असे समजणे योग्य नव्हे.

प्रथम आकडे समजून घेऊ. २०२४ च्या नागरी सेवा परीक्षेसाठी ९,९२,५९९ जणांनी अर्ज केले व ५,८३,२१३ जण पूर्वपरीक्षेस प्रत्यक्ष बसले. मुख्य परीक्षेसाठी त्यांतील १४,६२७ पात्र ठरले, २,८४५ जण व्यक्तिमत्त्व चाचणीपर्यंत पोचले आणि अखेर १,००९ जणांची शिफारस झाली. त्यांत २८४ महिला होत्या. म्हणजे परीक्षेस बसलेल्या सुमारे ५७८ जणांमागे एकाची निवड झाली. सर्वच जण सारखी तयारी करून बसत नाहीत हे खरे. तथापि निवड न झालेल्यांत परिश्रमी व बुद्धिमान मुले पुष्कळ असतात, हेही तितकेच खरे. हे आकडे मुलांना भिवविण्यासाठी सांगावयाचे नाहीत. तयारी कशी असावी, हे ठरविण्यासाठी ते पुढे ठेवून बसावयाचे.

पदवीचा पाया

रायगड जिल्ह्यातील नाते या गावी १८९६ साली जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९१८ साली आय. सी. एस. परीक्षेत पहिले आले, ही गोष्ट मराठी घरांत नेहमी सांगितली जाते. परंतु त्याआधीची गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. १९१७ साली त्यांनी केंब्रिज येथे निसर्गविज्ञानाचा अभ्यासक्रम पुरा केला होता व वनस्पतिशास्त्रातील पारितोषिकही मिळविले होते. संस्कृतासाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती तर त्यांना मॅट्रिकलाच लाभली होती. रिझर्व्ह बँक, अर्थमंत्रालय आणि १९६२ ते १९६७ या काळात दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद, हे सारे पुढचे. परीक्षेचा निकाल काहीही लागला असता, तरी त्यांची विद्या त्यांच्यापाशी राहिलीच असती.

असे बुद्धिवैभव सर्वांना लाभत नाही. परंतु हा क्रम कोणालाही अनुसरता येईल. महाविद्यालयातील विषय कसाबसा उरकून पहिल्या वर्षापासून केवळ स्पर्धापरीक्षेच्या मागे लागू नये. आपला विषय नीट शिकावा. सुटीत एखाद्या कार्यालयात, कारखान्यात, वृत्तपत्रात किंवा ग्रंथालयात उमेदवारी करावी. दिल्लीत राहणाऱ्या कुटुंबांना नोएडा व गुरुग्राम येथील कार्यालये जवळ आहेत. इतरांनी आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी विचारणा करावी. पालकांनी या कामी आपल्या ओळखीचा उपयोग जागा मिळवून देण्यासाठी नव्हे, तर माहिती मिळवून देण्यासाठी करावा. एखाद्या अभियंत्याशी, परिचारिकेशी किंवा बँकेतील अधिकाऱ्याशी मुलाची तासभर गाठ घालून दिली, तर कामाचे खरे स्वरूप त्याला कळते.

मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी संकोच बाळगण्याचे कारण नाही. मुख्य परीक्षेची उत्तरे मराठीत लिहिता येतात, मुलाखतही मराठीत देता येते आणि मराठी वाङ्मय हा ऐच्छिक विषय घेता येतो. पूर्वपरीक्षेची प्रश्नपत्रिका मात्र हिंदी व इंग्रजीतच असते. यास्तव घरात मराठी वृत्तपत्राबरोबर एक इंग्रजी वृत्तपत्रही वाचण्याची सवय लवकर लावावी.

पैशाचा हिशेब

दिल्लीस जाण्यापूर्वी पुणे, मुंबई किंवा नागपूर येथे राहून तयारी होईल काय, हे पाहावे. मुंबईची राज्य प्रशासकीय व्यवसाय शिक्षण संस्था तसेच बार्टी, सारथी, महाज्योती यांसारख्या शासकीय संस्था निवडक उमेदवारांच्या प्रशिक्षणास साहाय्य करतात. त्यांच्या अटी व तारखा मुलाबरोबर बसून वाचाव्यात.

खासगी वर्गाचे शुल्क एकरकमी भरण्याची घाई करू नये. शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, विद्यार्थी मध्येच वर्ग सोडून गेला तर उरलेल्या काळाचे शुल्क त्या प्रमाणात परत मिळावयास हवे. फसव्या जाहिरातींस आळा घालण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानेही नोव्हेंबर २०२४ मध्ये नियमावली काढली. भिंतीवरील यशस्वी उमेदवाराने त्या वर्गात पूर्ण अभ्यासक्रम केला होता की केवळ मुलाखतीचा सराव, हे अवश्य विचारावे. पावती जपून ठेवावी.

घरचा हिशेबही मुलापासून लपवू नये. शेत गहाण पडले आहे किंवा बहिणीचे शिक्षण अडले आहे, हे त्याला दोन वर्षांनी शेजाऱ्याकडून कळण्यापेक्षा आधी आईवडिलांकडून कळावे. मुलीच्या तयारीला एक वर्ष आणि मुलाच्या तयारीला चार, असा भेद तर मुळीच करू नये.

खोली आणि प्रकृती

२७ जुलै २०२४ रोजी जुन्या राजेंद्रनगरात एका तळघरातील अभ्यासिकेत पावसाचे पाणी शिरून तीन विद्यार्थ्यांचा अंत झाला. या घटनेनंतर कोणत्याही पालकाने केवळ भाडे विचारून खोली ठरवू नये. शक्य तर एकदा स्वतः यावे. बाहेर पडण्यास दुसरी वाट आहे काय, विजेच्या तारा उघड्या आहेत काय, हवा खेळती आहे काय, अभ्यासिका तळघरात तर नाही ना, हे डोळ्यांनी पाहावे. ते न जमल्यास दिल्लीतील एखाद्या आप्तास किंवा महाराष्ट्र मंडळातील जाणत्या गृहस्थास पाहून येण्याची विनंती करावी.

दूरध्वनीवर रोज "किती अभ्यास झाला?" असे विचारल्याने अभ्यास वाढत नाही. जेवण, झोप, मित्रमंडळी यांची चौकशी करावी. मूल बोलेनासे झाले, झोप उडाली किंवा घरी येण्याचे टाळू लागले, तर त्यास आळस समजू नये. जाऊन भेटावे आणि आवश्यक वाटल्यास वैद्याचा सल्ला घ्यावा.

मुदत आणि दुसरी वाट

खुल्या प्रवर्गातील उमेदवारास या परीक्षेच्या सहा संधी व बत्तीस वर्षांची वयोमर्यादा आहे. सहा संधी आहेत म्हणून त्या सर्व घेतल्याच पाहिजेत, असे नाही. किती प्रयत्न करावयाचे, हे निघण्यापूर्वीच घरात मोकळेपणाने ठरवावे आणि ती मुदत मुलाच्या तोंडून यावी. त्याच वेळी दुसरी वाटही कागदावर लिहावी: राज्यसेवा, बँक, अध्यापन, पदव्युत्तर शिक्षण, घरचा धंदा. शिकाऊ उमेदवारीच्या योजनेत पदवीधरांना विद्यावेतनासह काम शिकता येते. मुलाखतीपर्यंत जाऊन निवड न झालेल्यांची माहिती, त्यांच्या संमतीने, नोकरी देणाऱ्या संस्थांपुढे ठेवणारा "प्रतिभा सेतू" हा उपक्रमही आयोगाने सुरू केला आहे.

ही दुसरी वाट पराभवाची मानू नये. परत आलेल्या मुलाने राज्यघटना, इतिहास, अर्थकारण यांचा अभ्यास केलेला असतो. तो वाया जात नाही. वाया जाते ते नातेवाइकांच्या टोमण्यांमुळे घरात तोंड लपवून काढलेले वर्ष. ते टोमणे उंबऱ्याबाहेर थोपविणे हे काम आईवडिलांनाच करता येते.

तेव्हा येत्या रविवारी दुपारचे जेवण झाल्यावर मुलामुलींना जवळ बसवा. एका कागदावर चार गोष्टी लिहा: दरमहा किती खर्च झेपेल, किती वर्षे द्यावयाची, दुसरी वाट कोणती आणि अडचण आल्यास प्रथम कोणाला सांगावयाचे. कागदाची एक प्रत मुलाच्या बॅगेत जाऊ द्या व दुसरी घरी ठेवा. दर सहा महिन्यांनी दोन्ही प्रती एकत्र काढून पाहाव्यात आणि गरज पडेल तेथे सर्वांच्या संमतीने दुरुस्ती करावी.