गणित सोडावे की जीवशास्त्र?

दहावीचा निकाल लागला की आमच्या जिल्ह्यातील घरोघरी एकच खल सुरू होतो : अकरावीला गणित सोडावे की जीवशास्त्र? मुलाचा ओढा डॉक्टरकीकडे असेल तर गणिताला रजा, अभियांत्रिकीकडे असेल तर जीवशास्त्राला. ही वाटणी प्रवेश परीक्षांच्या गटांनी केली आहे. निसर्गाने तशी ती केलेली नाही.

याचा पुरावा शोधण्यास दूर जावयास नको. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे गाळप १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाले. (अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष होते, आमच्या शास्त्राच्या वाट्यास असा मान क्वचितच येतो.) अशा कोणत्याही कारखान्यात क्षणभर उभे राहावे. उसाचे पान सूर्यप्रकाशाच्या बळावर साखर घडविते, हा जीवशास्त्राचा विषय. तोडलेला ऊस दोन-चार दिवस पडून राहिला की विकरे आणि सूक्ष्मजीव सुक्रोजचे ग्लुकोज व फ्रुक्टोजमध्ये विघटन करू लागतात आणि उतारा घटतो. येथे जीवशास्त्र कोठे संपले आणि रसायनशास्त्र कोठे सुरू झाले, हे कोणी सांगावे? रस करपू नये म्हणून तो कमी दाबाखाली, कमी तापमानावर उकळतात, हे भौतिकशास्त्र. साखरेचे द्रावण ध्रुवित प्रकाशाचे प्रतल फिरविते, हे बियो या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञास १८१५ च्या सुमारास आढळले. कारखान्याच्या प्रयोगशाळेतील पोलॅरिमीटर आजही त्याच गुणधर्मावर रसातील साखर मोजतो. शेतकऱ्याला मिळणारा रास्त व किफायतशीर दर साखर उताऱ्याशी बांधलेला आहे. म्हणजे या मोजमापाशी त्याचा थेट पोटाचा संबंध आहे.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात शेतीशास्त्र शिकावयास जाणाऱ्या मुलासही हाच अनुभव येतो. दोन वाणांच्या उत्पन्नातील फरक वाणाचा की जमिनीचा, हे संख्याशास्त्रावाचून ठरत नाही. जीवशास्त्रासाठी गणित सोडून आलेला विद्यार्थी नेमका तेथेच अडखळतो. अर्थशास्त्राच्या वर्गातही मी हे दरवर्षी पाहतो. मागणीचा वक्र फळ्यावर आला की 'सर, आमचे गणित सुटले आहे' असे उत्तर ठरलेले.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विद्याशाखांमधील भिंती कमी करण्याचे म्हटले आहे. परंतु धोरण दिल्लीत असते आणि वेळापत्रक गावच्या कनिष्ठ महाविद्यालयात. ज्यास झेपेल त्याने दोन्ही विषय घ्यावेत. ज्यास गणित सोडणे भागच आहे, त्याने निदान टक्केवारी, आलेख, लॉगॅरिथम व संभाव्यता यांचा सराव मोडू देऊ नये. सुटीतील महिनाभर, रोज तासभर, एवढे त्यास पुरेल. आणि जेथे गणिताचा व जीवशास्त्राचा तास एकाच वेळी ठेवला जातो, तेथील प्राचार्यांनी प्रवेश सुरू होण्यापूर्वीच ते वेळापत्रक बदलावे.