गुन्हा नोंदवण्याचा मार्ग : रूळ की तालुका न्यायालय?

पोलिसांनी गुन्हा दाखल करून घेतला नाही, तर रस्त्यावर उतरण्याखेरीज किंवा थेट मुंबईचे उच्च न्यायालय गाठण्याखेरीज उपाय नाही, असे मत कर्जत-खालापूर पट्ट्यात पुष्कळदा ऐकू येते आणि त्याच्या पुष्ट्यर्थ याच लोहमार्गावरील बदलापूरचा दाखला दिला जातो. तपासून पाहता हा दाखला उलटतो. ऑगस्ट 2024 मध्ये शाळेतील दोन बालिकांवरील अत्याचाराची फिर्याद घेण्यास पोलिसांनी सुमारे 12 तास लावले, ही गोष्ट लांछनास्पदच होती. परंतु गुन्हा नोंदला जाऊन आरोपीला अटक झाली ती 17 ऑगस्टपर्यंत, आणि गाड्या अडवल्या गेल्या त्या 20 तारखेला. जनक्षोभाने निलंबने घडवली, विशेष तपास पथक आणले, 22 ऑगस्टला उच्च न्यायालयाने आपण होऊन दखलही घेतली. गुन्हा मात्र त्याआधीच दाखल होता. शिवाय रूळ अडवण्याइतकी माणसे ज्याच्यामागे नाहीत, त्या कातकरी वाडीवरच्या फिर्यादीने काय करावे, याचे उत्तर या मतापाशी नाही.

कायद्यापाशी ते आहे. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटाविना अटक करू शकतात अशा गुन्ह्याची, खबर मिळाली की तो नोंदवणे हे पोलिसांच्या मर्जीवर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने ललिता कुमारी प्रकरणात 12 नोव्हेंबर 2013 रोजी ठरवले. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 ने हद्दीची सबबही काढून घेतली, त्यामुळे बोरघाटातील घटनेची फिर्याद खोपोलीने लोणावळ्याकडे किंवा लोणावळ्याने खोपोलीकडे टोलवण्यास आता आधार उरलेला नाही. नकार मिळाल्यास फिर्यादीचा मजकूर लेखी स्वरूपात, टपालाने, अलिबागच्या पोलीस अधीक्षकांकडे पाठवावा आणि तेथेही दाद न लागल्यास कलम 175(3) खाली प्रतिज्ञापत्रासह प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. हे न्यायालय कर्जतला आहे, तसे खालापूरलाही आहे. गुन्हा नोंदूनही तपास नीट होत नसेल तरी हाच दरवाजा ठोठवावा, उच्च न्यायालयाचा नव्हे, असे साकिरी वासू प्रकरणात 2007 मध्येच सांगितले गेले आहे.

खोट्या फिर्यादींचे कारण पोलीस पुढे करतात. त्यासाठी तीन वर्षे किंवा अधिक, पण सातांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने 14 दिवसांची प्राथमिक चौकशी करण्याची मुभा कायद्याने दिलेलीच आहे. त्यापलीकडे अर्ज ‘चौकशीवर’ ठेवून महिने घालवणे या मुभेत बसत नाही. आदिवासींची जमीन बळकावल्याचा गुन्हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली येत असेल, तर कलम 18अ प्रमाणे प्राथमिक चौकशीची गरजच नाही.

हा मार्ग सावकाश चालतो, हा आक्षेप अर्धा खरा आहे. नव्या कलमाने दंडाधिकाऱ्यांना पोलिसांचे म्हणणेही विचारात घ्यायला लावले, आणि ज्यांच्याविरुद्ध गाऱ्हाणे त्यांनाच आधी विचारण्यासारखे हे झाले. पण अर्ज फेटाळला जाण्यास पुष्कळदा कागदच कारण ठरतो : फिर्याद तोंडी दिलेली, हातात केवळ एनसीची, म्हणजे अदखलपात्र नोंदीची, चिठ्ठी, आणि अधीक्षकांकडे काही पाठवल्याची पोच नाही. तारीख-शिक्क्याची पोच मागून घेण्याला म्हणूनच वकिलाच्या युक्तिवादाइतके मोल आहे. तपासाचा आदेश मिळाला नाही तरी कलम 223 ची खाजगी फिर्याद उरतेच. तीत दंडाधिकारी स्वतः फिर्यादी व साक्षीदारांना शपथेवर तपासतात आणि आरोपीला म्हणणे मांडण्याची संधी देऊन, पोलीस ठाण्यात एक ओळही नोंदलेली नसताना, त्याच्यावर समन्स काढू शकतात.