काम कायमचं, मग माणूस तात्पुरता का?

रात्रीचे दहा वाजलेत. जालन्याच्या एमआयडीसीत सळयांनी भरलेला ट्रक मिलच्या गेटवर उभा आहे. माल तयार, ड्रायव्हर तयार, पण बिल निघत नाही. सॉफ्टवेअर आणि ई-इन्व्हॉइसचं पोर्टल यांची कट्टी आहे. आयआरएन नंबर नाही म्हणून बिल नाही, ई-वे बिल नाही म्हणून ट्रक हलत नाही. अशा वेळी फोन कुणाला जातो? मालकाला नाही, सीएलाही नाही. तो जातो तुमच्यातल्याच कुणाला तरी. बीकॉम नाहीतर बीसीए झालेल्या, टॅली किंवा सॅपवर हात बसलेल्या, अकरा महिन्यांच्या करारावरच्या पोराला किंवा पोरीला.

या कामाला तात्पुरतं म्हणतात, तिथेच माझं भांडण आहे.

बघा ना. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. ऑक्टोबर २०२० मध्ये ई-इन्व्हॉइस सुरू झालं तेव्हा ते ५०० कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांनाच होतं. १ ऑगस्ट २०२३ पासून ही मर्यादा ५ कोटींवर आली. म्हणजे आपल्याकडच्या रोलिंग मिल, बियाणं कंपन्या, बडे व्यापारी, बरेचजण त्यात आले. त्याआधी, १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल सक्तीचा झाला. कोणती नोंद कधी बदलली, त्याचा माग ठेवावाच लागतो. (मुनीमजींच्या वहीतली खाडाखोड आठवून जुनी मंडळी अजून उसासे टाकतात.) दर महिन्याची ११ तारीख, २० तारीख आणि वर्षाचा ३१ मार्च चुकत नाही. यातलं काय तात्पुरतं आहे?

कंपन्या म्हणतात, प्रोजेक्ट संपला की माणसाचं काम संपतं. नवीन सिस्टीम बसवताना ते खरंही आहे. डेटा भरला, ट्रेनिंग दिलं, झालं. पण सपोर्ट म्हणजे प्रोजेक्ट नव्हे. भट्टी चालू आहे तोवर बिलं निघणार आणि बिलं निघताहेत तोवर सिस्टीम अडणार. तरी त्या खुर्चीवरचा माणूस दर वर्षी नव्या एजन्सीच्या नावावर. पुण्याला गेलात तरी तेच. कंपनी बडी, बिल्डिंग काचेची, पण गळ्यातल्या आयकार्डच्या पट्ट्याचा रंग वेगळा.

कंत्राटी काम घेऊच नका, असं मी म्हणणार नाही. दोन मार्च एंड काढलेल्या पोराला जे कळतं ते कुठल्याच क्लासमध्ये शिकवत नाहीत. पण दुसऱ्याचं लेजर पैशापैशाला जुळवणारे आपण स्वतःची सॅलरी स्लिप मात्र वाचत नाही, हे काही बरोबर नाही.

सही करण्याआधी विचारा, पगार नेमका कोण देणार? क्लायंट, व्हेंडर की त्याच्याखालची मनुष्यबळ एजन्सी? तुम्ही पगारदार आहात की 'प्रोफेशनल फी'वर? फीवर असाल तर पीएफ नाही, भरपगारी रजा नाही. मग हातात चार पैसे जास्त दिसतात, आणि घरचेही खूश होतात. टीडीएस कशाखाली कापला जातो ते आयकराच्या पोर्टलवर दिसतं, तिथे बघा. पीएफ कापत असतील तर यूएएन नंबर घ्या आणि दर महिन्याला पासबुक उघडा. स्लिपवर कापलेले पैसे खात्यात आलेत का, हे तपासायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

अनुभवाच्या पत्राचंही तसंच. बायोडेटावर तुम्ही क्लायंटचं नाव लिहिता, पत्र देणार एजन्सी. पुढची कंपनी चौकशी करते तेव्हा क्लायंटच्या एचआरकडे तुमची नोंदच नसते. म्हणून दोन्ही नावं लिहा, 'अमुक एजन्सीमार्फत तमुक ठिकाणी' असं स्पष्ट. आणि ओरिजिनल मार्कशीट कुणी ठेवून घेत असेल, तर तिथून सरळ उठा.

मिलमालकांनाही एक विचारायचंय. भट्टीवरचा मिस्त्री दर अकरा महिन्यांनी बदलायची हिंमत तुम्ही कराल का? नाही ना? कारण त्याच्या हाताला ती भट्टी माहीत आहे. मग तुमच्या बिलिंगची प्रत्येक गाठ ज्याला ठाऊक आहे, त्याला तुमच्याच मस्टरवर घ्यायला काय हरकत आहे?